काही घडायच्या आधीच कोर्टाचा संरक्षण आदेश कसा मिळवायचा

“अजून तसं काही झालेलं नाही, मग कोर्टात जाऊन सांगू काय?” घरातल्याच कुणाच्या नजरेची, हाताची, रात्री दारावर पडणाऱ्या थापेची धास्ती घेऊन जगणाऱ्या बहुतेक बायका इथंच अडतात. शेजारीण म्हणते, आई म्हणते, कधी कधी ठाण्यातला हवालदारही म्हणतो, काही झालं तर या. हे म्हणणं कायद्याला धरून नाही, आणि हा लेख लिहायला बसले ती त्यासाठीच. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे हिंसाचार झाला आहे किंवा होण्याची शक्यता आहे, असं प्रथमदर्शनी दिसलं की न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देऊ शकतात. धोका दाखवता आला की अर्ज चालतो. अत्याचार होऊन गेलेला असावा लागत नाही.

कोल्हापूर शहरातली असो की चंदगड-शाहूवाडीच्या टोकाची, कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढणाऱ्या बाईला डोळ्यापुढं ठेवून पुढचं लिहिलं आहे. तुमच्या प्रकरणाचा नेमका सल्ला वकीलच देईल. पण वकिलासमोर बसताना काय मागायचं ते आपल्याला माहीत असलं तर निम्मं काम सोपं होतं.

आधी आजच्या रात्रीचं बघा

कागदपत्रं उद्या होतील. आज रात्री त्या घरात झोपणं सुरक्षित आहे का, हे आधी ठरवा. नसेल तर माहेर, बहीण, मैत्रीण, कुठंही जा. घर सोडलं म्हणून घरात राहण्याचा तुमचा हक्क जात नाही, ही भीती मनातून काढून टाका. जायला जागाच नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा आणि सखी वन स्टॉप सेंटरबद्दल विचारा. तिथं तात्पुरता निवारा, समुपदेशक आणि कायद्याची मदत एकाच ठिकाणी मिळते. कुणी दारात येऊन उभाच राहिला तर ११२. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर १०९८ लावा. तिच्यासाठी पॉक्सो हा वेगळा आणि कडक कायदा आहे, त्यात थांबायचं नसतं.

आणि काही घडलंच असेल तर आंघोळ न करता, कपडे न धुता आधी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात जा. अंगावरचे कपडे बदलावे लागले तर कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीवर सरकारी काय, खासगी काय, प्रत्येक दवाखान्यानं तातडीनं मोफत उपचार करायचे असतात. “आधी एफआयआर आणा” म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही.

धोका कुणाकडून आहे, त्यावर वाट ठरते

नवरा, दीर, सासरा, भाऊ, सावत्र बाप, चुलता, किंवा लग्न न करता ज्याच्याबरोबर नवरा-बायकोसारखं राहिलात तो. नातं असं असेल आणि तुम्ही एका घरात राहत असाल किंवा कधी काळी राहिला असाल, तर २००५ चा कायदा तुमच्यासाठी आहे. यात काम दिवाणी स्वरूपाचं चालतं, म्हणजे तुम्ही कुणाला तुरुंगात घाला असं मागत नसता, तुम्हाला संरक्षण द्या असं मागता. पण अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात करायचा असतो. घटस्फोटाचं किंवा पोटगीचं काम कौटुंबिक न्यायालयात आधीच चालू असेल तर तिथंही हीच संरक्षणं मागता येतात.

नवऱ्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. बायको १८ वर्षांच्या वरची असेल तर नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये तसा अपवाद ठेवलेला आहे. हे ऐकलं की बाई गप्प बसते, कारण तिला वाटतं आता दादच नाही. दाद आहे. २००५ च्या कायद्यात लैंगिक छळाची व्याख्या करताना नवऱ्याला वगळलेलं नाही. बाईचा अपमान करणारं, तिच्या प्रतिष्ठेला धक्का लावणारं कुठलंही लैंगिक वर्तन त्यात येतं, आणि नवऱ्यानं तसं करू नये असा आदेश कोर्ट देतं. नवरा-बायको वेगळे राहत असताना त्यानं जबरदस्ती केली तर तो न्याय संहितेच्या कलम ६७ खाली गुन्हाही आहे.

“घरातली गोष्ट घरात” म्हणणारे भेटतीलच. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ सालीच करवीर संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. कोल्हापूरला ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच घराबाहेर आणून दिलेली आहे.

शेजारी, गल्लीतला पोरगा, मुकादम, साहेब किंवा नात्यात नसलेला कुणी असेल तर वाट वेगळी. तिच्याबद्दल पुढं लिहिलं आहे.

कुणाकडं जायचं

तीन दारं आहेत. पहिलं संरक्षण अधिकाऱ्याचं. हे महिला व बाल विकास विभागाचे अधिकारी असतात, फी घेत नाहीत. ते तुमचं ऐकून कौटुंबिक घटना अहवाल तयार करतात आणि तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडं पाठवतात, अर्ज लिहायलाही मदत करतात. दुसरं दार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जाऊन विचारा, तालुक्याच्या कोर्टात असाल तर तालुका विधी सेवा समिती म्हणून विचारा, नाहीतर १५१०० वर फोन करा. बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पगार असला, शेती नावावर असली तरी तिला तो हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं दिला आहे. तिसरं दार म्हणजे आपला वकील लावून थेट अर्ज. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नाही म्हणून कोर्टाचं काही अडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली स्पष्ट केलं आहे. स्वतःला बाहेर पडता येत नसेल तर तुमच्या वतीनं बहीण किंवा दुसरं कुणीही अर्ज करू शकतं.

हिंसाचाराच्या अशा कामात महाराष्ट्रात बायकांना कोर्ट फी माफ आहे. त्यामुळं “स्टँपला इतके लागतील” असं कुणी म्हणालं तर कशाचे ते नीट विचारा.

गावाकडं आधी तंटामुक्त समिती, मग पोलीस पाटील, मग दोन्हीकडची भावकी असा फेरा सुरू होतो. त्यांच्याकडं जायला हरकत नाही, पण तिथं गेल्याशिवाय कोर्टात जाता येत नाही असं कुठल्याही कायद्यात नाही. समुपदेशनाचंही तेच. ते घ्यायचं का, हे कोर्ट अर्ज दाखल झाल्यावर ठरवतं.

कुठल्या कोर्टात? तुम्ही जिथं राहता तिथल्या, तात्पुरत्या राहत असलात तरी चालतं. सासर निपाणीला, माहेर गडहिंग्लजला, आणि तुम्ही महिन्याभरापूर्वी माहेरी आलात, तर गडहिंग्लजला अर्ज करा. कर्नाटकात हेलपाटे घालायची गरज नाही, आणि मिळालेला आदेश देशभर चालतो. ऊसतोडीला बीडहून आलेल्या, इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या बाईलाही हेच लागू आहे.

अर्जात काय लिहायचं

सगळं काम इथं घडतं किंवा बिघडतं. बहुतेक अर्जांत असं एक वाक्य असतं: “दीर मला नेहमी त्रास देतात व वाईट नजरेने पाहतात.” यातून न्यायाधीशांच्या हाती काही लागत नाही. तीच गोष्ट अशी लिहा:

“१२ जूनच्या रात्री साडेअकराच्या सुमारास पती गोकुळ शिरगावला रात्रपाळीला गेले असताना दिरांनी माझ्या खोलीचे दार ढकलले. आतून कडी होती. ‘दार उघड, कुणाला कळणार नाही’ असे ते म्हणाले. मी मुलीला जवळ घेऊन बसून राहिले. सकाळी कडीचा एक स्क्रू निघालेला दिसला. त्याचा फोटो काढून मी त्याच दिवशी बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवला.”

यात तारीख आहे, वेळ आहे, नवरा घरात का नव्हता ते आहे. त्याचे शब्द जसेच्या तसे आहेत. शिवी दिली असेल तर शिवीही तशीच लिहायची, लाजायचं नाही. आणि घराबाहेरच्या एका माणसाला त्याच दिवशी कळलं होतं, हे आहे. त्या रात्री अंगाला कुणी हात लावलेला नाही, तरीही पुढं काय होऊ शकतं ते वाचणाऱ्याला दिसतं. असे तीन-चार प्रसंग, जुन्याकडून नव्याकडं, आणि शेवटचा सगळ्यात सविस्तर. तारीख आठवत नसेल तर खोटी घालू नका. “नागपंचमीच्या आधीच्या आठवड्यात”, “मुलीची सहामाही चालू होती तेव्हा” असं लिहिलेलं चालतं, आणि उलटतपासणीत टिकतंही.

सोबत काय जोडायचं? मेसेजचे स्क्रीनशॉट, कॉलची यादी, दवाखान्याचा कागद, ठाण्यात आधी दिलेल्या तक्रारीची पोच, आणि तुम्ही त्या घरात राहता हे दाखवणारं आधार किंवा रेशनकार्ड. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. फोनमधला पुरावा कोर्टात वाचला जावा म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाकडून करून घ्या. मूळ कागद त्या घरातून आधी हलवा. काहीच पुरावा नसेल तरी थांबू नका, तुमचं शपथेवरचं म्हणणं हाही पुरावाच आहे.

काय काय मागायचं

मागितलं नाही ते मिळत नाही, म्हणून ही मागणी वकिलाकडून एकदा वाचून घ्या. त्यानं हिंसाचार करू नये आणि दुसऱ्याकरवी करवू नये. तुमच्या कामाच्या ठिकाणी आणि मुलांच्या शाळेत येऊ नये. भेटून, फोनवर, मेसेजनं किंवा कुणाच्या तोंडून निरोप पाठवून संपर्क करू नये. तुम्हाला आसरा देणाऱ्या माहेरच्यांना त्रास देऊ नये. हे सगळं कलम १८ मध्ये बसतं. कलम १९ खाली राहण्याबद्दलचा आदेश मागता येतो: त्यानं घराबाहेर जावं, तुमच्या खोलीच्या भागात पाऊल टाकू नये, किंवा तुम्हाला दुसरीकडं राहायची सोय करून द्यावी. जवळच्या पोलीस ठाण्यानं संरक्षण द्यावं असा हुकूमही इथंच मागायचा. खर्च, मुलांचा ताबा, भरपाई यांची कलमं पुढची आहेत, तीही त्याच अर्जात घालता येतात.

एक बारकावा वकिलांच्याही नजरेतून सुटतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, ही कलम ३१ ची शिक्षा संरक्षण आदेशासाठी लिहिलेली आहे. त्यामुळं फक्त राहण्याचा आदेश मागून थांबू नका. ‘कलम १८ प्रमाणे संरक्षण आदेश’ अशी मागणी अर्जात स्वतंत्र आणि ठळक हवी.

“घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय संबंध” असं ऐकवलं जाईल. संसार ज्या घरात झाला ते घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी सामाईक घर ठरू शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निर्णय आहे. दिराला पाठीशी घालणाऱ्या सासू-नणंदेलाही सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध अर्ज असतो तो) करता येतं, २०१६ पासून ती वाट मोकळी आहे. पण खरंच भाग असेल तरच नावं घाला. अख्खं घर आरोपीच्या रांगेत उभं केलं की खऱ्या माणसावरचं लक्ष उडतं.

आजच आदेश हवा असेल तर

मुख्य अर्जाबरोबर कलम २३ चा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा अर्ज द्या, सोबत शपथपत्र. त्याचा नमुना नियमांमध्येच दिलेला आहे. समोरच्याला नोटीस जायच्या आधीच एकतर्फी आदेश देण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना आहे. नोटीस गेली तर धोका का वाढेल, ते शपथपत्रात एका परिच्छेदात सांगा: तो दारू पिऊन येतो, आधी धमकी दिली आहे, घराची दुसरी किल्ली त्याच्याकडं आहे, जे खरं असेल ते.

कायद्याप्रमाणं पहिली तारीख साधारणपणे अर्ज पोचल्यापासून ३ दिवसांत पडायला हवी, आणि अर्ज पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हायला हवा. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून तर अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागायचा.

एकतर्फी आदेश मिळाला नाही आणि आधी नोटीस निघाली, तर ती संरक्षण अधिकाऱ्यामार्फत २ दिवसांत बजावली जाते. कागद त्याच्या हातात पडतो तो दिवस माझ्या मते सगळ्यात धोक्याचा. नोटीस कधी बजावणार ते विचारून घ्या. त्या रात्री त्याच छताखाली राहू नका, मुलांना शाळेतून कोण आणणार ते ठरवा, शाळेत एका बाईंना सांगून ठेवा. निवारागृहात असाल आणि तुमची इच्छा असेल तर तुम्ही तिथं आहात हे समोरच्याला कळवायचं नाही, असं निवारागृहावर नियमानंच बंधन आहे.

तारखेच्या दिवशी

अकराच्या आधी पोचा. सोबत एक बाई असू द्या, मुलं शक्यतो नकोत. बाहेरच्या बाकावर समोरची मंडळी शेजारीच येऊन बसतात, हळू आवाजात काही बोलतात. उत्तर देऊ नका, जागा बदला, वकिलाला सांगा. पुकारा झाला की आत जायचं. सगळ्यांसमोर बोलणं जमणार नसेल तर कलम १६ प्रमाणं बंद दाराआड सुनावणी घ्या अशी विनंती आधीच लेखी द्या. न्यायाधीशांनी विचारलं तेवढं सांगा, रडू आलं तर येऊ द्या, पाणी मागा. मराठीत बोला. निघताना पुढची तारीख आणि प्रकरणाचा सीएनआर नंबर लिहून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो १६ अक्षरांचा नंबर घातला की तारखा घरबसल्या दिसतात.

आदेश हातात आल्यावर

आदेशाची प्रत तुम्हाला मोफत मिळते, तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्यालाही जाते. ती जाईल या भरवशावर राहू नका. स्वतः ठाण्यात जाऊन एक प्रत द्या आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या. एक प्रत शाळेत, एक कामाच्या ठिकाणी, आणि फोटो फोनमध्ये.

त्यानंतर त्याचा साधा “कशी आहेस” असा मेसेज आला तरी, संपर्काची मनाई असेल तर तो भंग आहे. उत्तर देऊ नका, पुसूनही टाकू नका. भंग हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. ठाण्यात, संरक्षण अधिकाऱ्याकडं किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडं तक्रार करता येते, आणि एकट्या बाईच्या साक्षीवरही कोर्ट दोषी धरू शकतं. ठाण्यात टाळाटाळ झाली तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडं पाठवा.

माणूस घरातला नसेल तर

बाहेरच्या माणसाविरुद्ध दिवाणी कोर्टात कायम मनाईचा दावा लावता येतो. दाव्यासोबत तूर्तातूर्त, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्यायचा, आपल्याकडची वकील मंडळी त्याला ‘निशाणी ५’ म्हणतात. तो हुकूम मोडला तर ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. पण मी हा रस्ता एकटा धरायला सांगणार नाही. इथं भंग झाल्यावर पोलीस आपोआप हलत नाहीत, पुन्हा कोर्टातच अर्ज करावा लागतो. पाठलाग करणं न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, त्याची तक्रार आधी करा. रस्त्यावर, कॉलेजजवळ त्रास असेल तर निर्भया पथकाला कळवा. त्याला अटक होऊन जामीन मागितला तर ‘हिच्याशी संपर्क करायचा नाही’ अशी अट घालावी, हे सरकारी वकिलांना सांगून ठेवा. पोलीस कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढं ‘चॅप्टर केस’ करून त्याच्याकडून शांतता राखण्याचं बंधपत्र घेऊ शकतात, त्याचाही आग्रह धरा.

त्रास कामाच्या जागी असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणं १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान जागा असेल, मालकाविरुद्धच तक्रार असेल, किंवा तुम्ही घरकाम करत असाल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जा. तक्रारीची मुदत ३ महिन्यांची आहे. चौकशी चालू असताना बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा मागता येते, ती मागा.

तडजोडीचा कागद पुढं आला तर

आदेश झाला की आठवड्याभरात निरोप यायला लागतात. अर्ज काढून घे, आम्ही त्याला समजावतो. वकिलाच्या टेबलावर पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, तयार असते, फक्त सही बाकी असते. ती घरी न्या, विश्वासातल्या माणसाला वाचून दाखवा, मग ठरवा. तडजोड करायचीच असेल तर ‘तो वेगळं राहील, संपर्क करणार नाही’ या अटी कोर्टासमोर नोंदवून त्याप्रमाणं आदेश करून घ्या. नुसता अर्ज मागं घेतलात तर हातात काही उरत नाही. संरक्षण आदेश तुम्ही स्वतः रद्द करा म्हणेपर्यंत चालू राहतो. परिस्थिती बदलली म्हणून त्यानं बदल मागितला तर आधी तुमचं म्हणणं ऐकलं जातं. आदेश मनासारखा नसेल तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं. त्याच्याही वर जायची वेळ आली तर आता मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बसतं.